नवतपा आणि ड्रोनची बॅटरी

ड्रोनच्या माहितीपुस्तिकेत बॅटरीच्या पानावर एक ओळ हमखास असते: चार्जिंग ५ ते ४० अंश सेल्सिअस तापमानातच करावं. ही ओळ लिहिणाऱ्यानं नागपूरचा मे पाहिलेला नसावा. इथं एप्रिलमध्येच दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो, मेअखेर सूर्य रोहिणीत गेला की नऊ कडक उन्हाच्या दिवसांचा नवतपा लागतो, आणि २०१३ च्या मे महिन्यात तर ४७.९ अंशांची नोंद झालेली आहे. (२०२४ च्या मेअखेर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते. सेन्सर बिघडला होता, असा हवामान खात्यानं नंतर खुलासा केला. तोवर तो आकडा देशभर फिरून आला होता.)

आणि नेमक्या याच दिवसांत लग्नं असतात. वरात, वरमाला, लॉनवरची रोषणाई हे सगळं वरून टिपायला एक ड्रोनवाला हवाच असतो. पावसाळ्यात दुसरा गडी कामाला लागतो: कपाशीवर, तुरीवर, काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागांवर फवारणी करणारा मोठा ड्रोन. दोघांच्या बॅटऱ्यांच्या आकारात जमीन-अस्मानाचा फरक आहे. लग्नात उडणाऱ्या लहान ड्रोनची बॅटरी सतरा-अठरा वॉट-तासांपासून सत्त्याहत्तर वॉट-तासांपर्यंत असते. फवारणीच्या ड्रोनला त्याच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त ऊर्जा लागते. आतलं रसायन मात्र एकाच घराण्यातलं आहे, आणि त्याच्या खोडीही सारख्याच.

त्यातली मोठी खोड अशी. लिथियमचा सेल पूर्ण भरला की त्याचा दाब ४.२ व्होल्ट असतो. या अवस्थेत आतल्या द्रवाची आणि इलेक्ट्रोडची हळूहळू झीज करणारी रासायनिक क्रिया सुरूच असते. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. म्हणजे भरलेली बॅटरी थंड जागी असेल तर चालून जातं, तापलेली बॅटरी अर्धवट भरलेली असेल तरी एक वेळ निभावतं. भरलेली आणि तापलेली या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की तिचं आयुष्य झपाट्यानं सरतं. या क्रियेतूनच वायू तयार होतो आणि बॅटरी फुगते. पुढं जे काही सांगणार आहे ते या एका गोष्टीला धरून आहे.

उतरल्यावर लगेच चार्जिंग नको

उड्डाण संपवून ड्रोन खाली आला की बॅटरी चांगलीच गरम असते. ती हाताला कोमट लागेपर्यंत, म्हणजे वीस-तीस मिनिटं, चार्जरला लावू नये हे सगळ्यांना माहीत असतं. नागपुरात इथंच हिशेब चुकतो. बाहेरची हवा ४४ अंशांवर असेल तर सावलीत ठेवलेली बॅटरी कितीही वेळ ठेवली तरी ४४ च्या खाली येणार नाही. टेबलफॅन लावला तरी नाही. पंखा हवा हलवतो, ती थंड करत नाही. उलट, बॅटरी लवकर ४४ वर येते एवढंच. मग ‘अर्धा तास थांबलो होतो’ म्हणून चार्जर लावला जातो आणि पुस्तिकेतली चाळीसची मर्यादा पहिल्या मिनिटापासून मोडलेली असते. स्मार्ट बॅटरी असेल तर ती स्वतःच चार्जिंग नाकारते आणि लोक म्हणतात, बॅटरी बिघडली. ती बिघडलेली नसते, शहाणी असते. साध्या लायपो (लिथियम-पॉलिमर) पॅकला असं शहाणपण नसतं; तो मुकाट्यानं चार्ज होत राहतो.

यावरचा उपाय बहुतेक नागपूरकरांच्या खिडकीत असतोच: कूलर. कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांचा कूलर खोलीचं तापमान तिशीच्या आसपास आणून ठेवतो, आणि चार्जिंगला ते उत्तम. फक्त बॅटरी कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ताट्या जास्त भिजल्या की हवेबरोबर तुषार येतात, आणि कूलरच्या टाकीजवळची फरशी कायम ओली असते. दोन-अडीच मीटर दूर, कोरड्या टेबलापेक्षाही कोरड्या फरशीवर ठेवलेलं बरं. कूलर आणि चार्जर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर नको. त्याचं कारण पुढं येईल.

शेतात कूलर नसतो. तिथं माठाची युक्ती चालते: प्लास्टिकचा जाळीदार क्रेट (संत्र्याचा असेल तर उत्तम) सावलीत वारा लागेल असा ठेवायचा, त्यावरून ओलं गोणपाट टाकायचं आणि आत लाकडी फळीवर बॅटरी ठेवायची. गोणपाट पिळून घ्या, ठिबकत ठेवू नका. बॅटरी स्वतः कोरडीच राहिली पाहिजे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हवा दमट असल्यानं ही युक्ती फारशी चालत नाही, पण तेव्हा तापमानही तिशीच्या आसपास असल्यानं तिची गरजही नसते.

बॅटरी फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात ठेवणारेही भेटतात. हे करू नये. थंडगार बॅटरी दमट हवेत बाहेर काढली की तिच्यावर दव जमतं, आणि ते कनेक्टरच्या फटींत आणि आतल्या सर्किटवर जाऊन बसतं. फवारणीच्या काही ड्रोनच्या बॅटऱ्या पाण्याच्या टाकीत बुडवून थंड करता येतील अशाच बनवलेल्या असतात. ते पाहून आपलीही बुडवावी असं वाटतं. पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ती पाण्यात जाता कामा नये.

नवतपाच्या दिवसांत दुपारी बारा ते पाच ड्रोन न उडवणं हाच खरा उपाय. बहुतेक लहान ड्रोनची उड्डाणाची मर्यादाही चाळीस अंशांचीच असते. यजमानाला हे आधीच सांगून ठेवा. सकाळची हळद आणि संध्याकाळचा गोरज मुहूर्त यांची दृश्यं दुपारच्या पांढऱ्याफटक उन्हापेक्षा तशीही चांगलीच येतात.

राहता राहिली गाडी. ४५ अंशांच्या दुपारी उन्हात उभ्या केलेल्या बंद कारमध्ये आतली हवा तासाभरात साठीच्या पुढं जाते. डॅशबोर्ड तर त्याहून तापतो. मंगल कार्यालयात जेवायला जाताना चार भरलेल्या बॅटऱ्यांची बॅग गाडीत राहिली, तर भरलेली आणि तापलेली अशी दोन्ही पापं एका जेवणात होतात. बॅग सोबत न्या. यजमान हसतील, हसू द्या.

चार्जर

स्मार्ट बॅटरीवाल्यांनी कंपनीचाच चार्जर वापरावा, एवढं पुरे. सुट्या लायपो पॅकसाठी मात्र जरा थांबून समजून घ्यायला हवं, कारण तिथं सगळी सेटिंग्ज आपल्या हातात असतात आणि चूकही आपलीच असते.

पहिलं म्हणजे प्रकार आणि सेलची संख्या. सहा सेलचा पॅक ‘६एस’ म्हणून ओळखला जातो. त्याचा दाब २२.२ व्होल्ट लिहिलेला असतो आणि पूर्ण भरल्यावर तो २५.२ होतो. चार्जरच्या पडद्यावर दिसणारा आकडा आणि पॅकवर छापलेला आकडा जुळवूनच बटण दाबा. काही ‘हाय व्होल्टेज’ पॅक दर सेलला ४.३५ व्होल्टपर्यंत भरतात. ती सेटिंग साध्या पॅकला लागली तर पॅक प्रमाणाबाहेर भरतो, आणि आगीकडं जाणारा हा सर्वांत सरळ रस्ता आहे.

दुसरं, बॅलन्सची बारीक तारांची पिन. ती नेहमी जोडलेली हवी. जाड तारांवरून चार्जरला फक्त एकूण दाब कळतो. सहापैकी एक सेल ४.३५ वर आणि दुसरा ४.०५ वर असला तरी बेरीज बरोबरच दिसते. बॅलन्स पिन जोडली की प्रत्येक सेलचा आकडा वेगळा दिसतो. चार्जिंग पूर्ण झाल्यावर ते आकडे वहीत लिहून ठेवायची सवय लावा. तेच तेच सेल दर वेळी पाच शतांश व्होल्टपेक्षा जास्त मागं पडू लागले, तर पॅक म्हातारा होत चालला आहे असं समजा आणि तो महत्त्वाच्या कामाला नेऊ नका.

तिसरं, प्रवाह. क्षमतेइतकाच प्रवाह, म्हणजे ५००० मिलीअँपिअर-तासांच्या पॅकला ५ अँपिअर, हा नेम पाळला की साधारण तासाभरात पॅक भरतो. याला ‘वन-सी’ म्हणतात. पॅकवर ‘५सी चार्जिंग’ छापलेलं असतं, पण घाई नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

आता घरातल्या वायरिंगचा प्रश्न. फवारणीच्या ड्रोनमध्ये १६ अँपिअर-तासांचे दोन ६एस पॅक लागतात असं धरा. वन-सीनं ते दोन्ही एकदम चार्ज करायला भिंतीतून सुमारे एक किलोवॉट ओढला जातो. वेग दुप्पट केला तर दोन किलोवॉटच्या जवळ. साधा ६ अँपिअरचा प्लग १४०० वॉटच्या आतबाहेरच दम सोडतो. म्हणून मोठा चार्जर १६ अँपिअरच्या पॉवर प्लगवरच, स्वतंत्र एमसीबी असलेल्या लाइनवर लावा. बोर्डाचा प्लग हाताला गरम लागतो का, हे पहिल्या दहा मिनिटांत एकदा तपासा. बॅटरी सुरक्षित आणि बोर्ड पेटला, असंही होतं.

एकाच पट्टीवर चार पॅक समांतर जोडून चार्ज करणाऱ्यांना एवढंच सांगणं: सगळे पॅक सारख्याच सेलसंख्येचे हवेत आणि जोडण्याआधी त्यांच्या दर सेलच्या दाबात एक दशांश व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. नाहीतर भरलेला पॅक रिकाम्यात इतक्या जोरात रिकामा होतो की ठिणगीच उडते. वेळ वाचतो हे खरं. मला स्वतःला हा सौदा पटत नाही.

बांधावर

नमो ड्रोन दीदी योजनेत देशभरातल्या १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचं ठरलं. त्यासाठी १,२६१ कोटी रुपयांची तरतूद झाली आणि मूळ बॅटरी सेटबरोबर चार जादा सेट देण्याचंही मार्गदर्शक सूचनांत आहे. दिवसाला वीस एकर हे त्यामागचं गणित. एका उड्डाणात साधारण एक एकर आणि दहा मिनिटांच्या आत बॅटरी रिकामी, असं धरलं तर पाचही सेट तासाभरात संपतात. पुढचे पंधरा एकर चार्जरच्या भरवशावर असतात. चुका होतात त्या या घाईत. मालक बांधावर उभा असतो, वारा वाढायच्या आत फवारणी उरकायची असते, आणि मग उतरलेली गरम बॅटरी सरळ फास्ट चार्जरला जाते.

यावर उपाय म्हणजे रांग. पाच सेटना क्रमांक द्या आणि तीन जागा ठरवा: उतरलेल्या बॅटऱ्या थंड होण्याची, चार्जिंगची आणि भरलेल्यांची. बॅटरी एका जागेवरून दुसऱ्या जागेवर त्याच क्रमानं जाईल. दिवसात वीसऐवजी पंधरा एकर होतील, कबूल. पण पाच सेटपैकी दोन सेट एका हंगामात फुगले तर पुढच्या वर्षी दहाही होणार नाहीत.

जनरेटर आधी सुरू करून दोन मिनिटं चालू द्या, मग चार्जर लावा. बंद करताना उलटा क्रम. पेट्रोलचा कॅन आणि कीटकनाशकाचे डबे चार्जिंगपासून चांगले दूर हवेत. फवारणी झाल्यावर बॅटरीचे कनेक्टर कोरड्या फडक्यानं पुसा. औषधाचा थर बसला की पितळ काळवंडतं, रोध वाढतो आणि उडताना तोच कनेक्टर वितळतो.

शेतातल्या घरी एक वेगळाच धोका आहे. शेतीची लाइन पाळीनं येते आणि बरेचदा ती रात्रीची असते. मग झोपायच्या आधी बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या जातात. झोपलेल्या घरात लिथियम बॅटरी चार्ज करायची नाही, हा एक नियम पाळायचा असेल तर बाकी सगळे सोडून हा पाळा. घरगुती वीजजोडणीवर, जागेपणी, एखादा सेट कमी भरला तरी चालेल.

चातुर्मासातली बॅटरी

लग्नवाल्यांचा हंगाम आषाढी एकादशीला संपतो आणि तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो. फवारणीवाल्यांचं बरोबर उलट. म्हणजे दोघांच्याही बॅटऱ्या वर्षातले कित्येक महिने पडून असतात. त्या जास्त करून याच काळात मरतात, आणि कळतं ते हंगामाच्या पहिल्या दिवशी.

ठेवताना प्रत्येक सेल ३.८ ते ३.८५ व्होल्टवर असावा. चांगल्या चार्जरमध्ये त्यासाठी ‘स्टोरेज’ नावाची सोय असते. स्मार्ट बॅटरीत चारपैकी दोन दिवे म्हणजे साधारण तेच. बऱ्याच स्मार्ट बॅटऱ्या काही दिवस न वापरल्यास आपणहून थोड्या रिकाम्या होतात. तेव्हा त्या किंचित कोमट लागतात, घाबरू नका. पण या सोयीवर विसंबून भरलेल्या ठेवून देऊ नका. दोन-अडीच महिन्यांनी एकदा तपासा आणि खाली गेल्या असतील तर पुन्हा निम्म्यावर आणा. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की आत कायमची इजा व्हायला लागते. असा पॅक चार्जर नाकारतो. मग कोणीतरी सुचवतं की दुसऱ्या प्रकारच्या बॅटरीची सेटिंग लावून दहा मिनिटं ‘धक्का’ द्या, जागी होते. होते कधी कधी. नंतर ती केव्हा पेटेल हे मात्र ती सांगत नाही.

जागा निवडताना छताचा विचार करा. वरच्या मजल्यावरचा माळा म्हणजे स्लॅबच्या पोटाशी चिकटलेली भट्टी. टिनाच्या शेडचं तर बोलायलाच नको. घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीलगत, पत्र्याच्या पेटीत बॅटऱ्या ठेवा. पेटीचं झाकण घट्ट बसणारं नको. आत वायू तयार झालाच तर त्याला वाट हवी. हवाबंद कोठीत दाब साठतो. टोकांना चिकटपट्टी किंवा टोपी लावलेली असू द्या. पेटी दाराच्या किंवा जिन्याच्या वाटेवर ठेवू नका. पेट घेतलाच, तर आपली बाहेर पडायची वाट तीच असते. चार्जिंगच्या जागेलाही हेच लागू.

फुगलेली बॅटरी वापरायची नाही, दाबायची नाही, ‘हवा काढून’ देणाऱ्याकडं न्यायची नाही. ९ फेब्रुवारी २०२२ ला परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करण्यावर सरकारनं बंदी घातली, तेव्हापासून त्याआधी घेतलेल्या ड्रोनना लोक जिवापाड जपतात, आणि ‘सेल बदलून नवीसारखी’ केलेल्या बॅटरीचा मोह होतो. बाहेरचं आवरण अस्सल, आतले सेल कुठले ते देव जाणे. अशी बॅटरी माणसांच्या डोक्यावर उडणाऱ्या यंत्रात घालू नये. वापरलेली बॅटरी घ्यायचीच असेल तर किती वेळा चार्ज झाली आणि प्रत्येक सेलचा दाब किती, हे दोन्ही आकडे ॲपवर समोर पाहून घ्या. ड्रोन आपटला असेल तर बॅटरी काढून निदान एक दिवस घराबाहेर, सावलीत, सिमेंटच्या जागेवर ठेवा. आतली इजा काही तासांनीही बाहेर पडते.

पेटली तर

राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५७ पासून नागपुरात आहे, स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचं मुख्यालयही इथंच. तरीही बॅटरीच्या आगीबद्दल शहरात सर्वाधिक ऐकू येणारा सल्ला म्हणजे ‘पाणी टाकू नका, लिथियम भडकतं’. लिथियम धातूला ते लागू आहे. ड्रोनच्या बॅटरीत धातुरूप लिथियम जवळपास नसतंच. तिच्या आगीत खरी अडचण उष्णतेची असते: एक सेल पेटला की त्याच्या उष्णतेनं शेजारचा पेटतो. ती उष्णता ओढून न्यायला भरपूर पाण्यासारखं दुसरं काही नाही. फक्त आधी मेन स्विच बंद. रेतीचं घमेलं जवळ असावं. लहान बॅटरीची ज्वाळा आणि ठिणग्या त्यानं आवरतात, पण रेती थंड करत नाही, त्यामुळं रेतीखालून बॅटरी पुन्हा पेटू शकते. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याचंही तसंच.

पेटायच्या आधी बॅटरी इशारा देते. ती फुगते, फुसफुसते, नेलपॉलिशसारखा गोडसर उग्र वास येतो, पांढरी वाफ निघते. या टप्प्यावर तिला उचलून बाहेर फेकायचा मोह आवरा, हातातच पेटते. माणसं बाहेर काढा, दार ओढून घ्या, वीज तोडा, १०१ किंवा ११२ ला फोन करा आणि ‘लिथियम बॅटरी’ हे शब्द सांगा. धूर विषारी असतो, त्यात हायड्रोजन फ्लोराइड असतं. तोंडाला ओला रुमाल बांधून आत शिरण्याचं धाडस करू नका. फवारणीची मोठी बॅटरी असेल तर विझवायचा प्रयत्नही तुमचा नव्हे, अग्निशमन दलाचा. विझल्यावर ती काही तास पुन्हा पेटू शकते, म्हणून उघड्यावर, कशालाही लागून नसेल अशी ठेवा.

विमानानं जायचं असेल तर सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच, टोकं झाकून. १०० वॉट-तासांपर्यंतच्या नेता येतात, १०० ते १६० च्या विमान कंपनीच्या परवानगीनं दोनच. फवारणीच्या बॅटऱ्या प्रवासी विमानात जातच नाहीत.

म्हाताऱ्या बॅटरीचं काय करायचं, यावर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. मिठाच्या पाण्यानं आधी टोकंच गंजून तुटतात आणि आत ऊर्जा तशीच राहते, वर आपल्याला वाटतं की बॅटरी निकामी झाली. त्यापेक्षा चार्जरच्या डिस्चार्ज सोयीनं ती पूर्ण उतरवा. फुगलेली किंवा इजा झालेली असेल तर तेही करू नका, तशीच रेतीच्या डब्यात ठेवा. मग टोकांना पट्टी लावून विक्रेत्याकडं किंवा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडं द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, तेव्हा विक्रेत्यानं नाही म्हटलं तर आग्रह धरा. दारावरच्या कचरागाडीत मात्र ती टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो, आणि भांडेवाडीच्या कचरा डेपोला उन्हाळ्यात आग लागायला आणखी कारणांची गरज नाही.